शिकाऊ हात आणि रुग्णाची अमानत



एका सरकारी रुग्णालयातील दृश्य डोळ्यांसमोर आणा. स्टोव्हच्या भडक्याने हात भाजलेली एक गरीब स्त्री. जखमा भरल्या, पण कातडी आकसून बोटे तळव्याकडे वळली आहेत. तो भाग मोकळा करून तेथे शरीराच्या दुसऱ्या भागावरील त्वचा बसवायची आहे. सुरी हाती घेणारा निवासी डॉक्टर एम.एस. होऊन प्लास्टिक सर्जरीच्या ३ वर्षांच्या शिक्षणासाठी आला आहे. अशी शस्त्रक्रिया तो प्रथमच करीत आहे. त्या भगिनीला हे ठाऊक नाही.

ही विद्या केवळ रूप खुलविण्याची नव्हे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले होते. चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असताना ही मुभा मिळाली. माणसाचे व्यंग दूर करणे किती मोलाचे, हे यातून कळते. वैद्यक शिकणे फर्जे किफाया आहे. कोणीच शिकले नाही तर सारा समाज दोषी ठरेल. आणि त्वचेचा थर किती जाड घ्यावा, हे केवळ ग्रंथ वाचून हाताला कळत नाही.

मग अडचण कोठे आहे? श्रीमंत रुग्ण अनुभवी सर्जनकडे जातो. शिकाऊ हाताचे पहिले टाके गरिबाच्या वाट्याला येतात. पुढे तोच तयार हात श्रीमंताच्या सेवेत रुजू होतो. शिक्षणाची किंमत एकाने मोजावी, फळ दुसऱ्याने चाखावे, हा न्याय आहे काय?

ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार आहे, अशी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. म्हणून शिकविणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे राहिलेच पाहिजे. तो नसेल तर शिष्याची चूक त्याच्याही खात्यावर जाते. दुसरी हदीस सांगते, की जनावर जिबह करतानाही सुरी धारदार करावी, त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात. सुरीखालच्या जनावराचा एवढा हक्क, तर माणसाचा किती! कुर्तुब्याचे महान शल्यचिकित्सक अल्-जहरावी यांनीही शरीररचना न जाणता सुरी धरणाऱ्यांना कठोर इशारा दिला आहे.

कोणी म्हणेल, ‘खरे सांगितले तर रुग्ण नकार देतील.’ काही देतीलही, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यापायी त्यांचे उपचार अडता कामा नयेत. लपवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. परंतु ‘हा शिकत आहे, त्याचे गुरू शेजारी आहेत’ हे जाणून जी स्त्री आपला हात पुढे करते, ती शिक्षणाचे साधन राहत नाही, दाता होते. त्या हातावर शिकलेला डॉक्टर पुढे जितके हात सरळ करील, त्यांच्या पुण्यात अल्लाह तिलाही वाटा देईल, अशी आशा आपण बाळगू या.

तुमच्या घरातील मुलगा वा मुलगी निवासी डॉक्टर असेल, तर आज किती शस्त्रक्रिया शिकलास, एवढेच विचारू नका. ज्याच्या देहावर शिकलास, त्याला खरे सांगितलेस काय, हेही विचारा. देह ही अल्लाहची अमानत आहे. ती ज्याच्या हाती सोपविली जाते, त्याला तिचा हिशेब द्यावा लागणार आहे.