हिशोबाशी बांधलेला अभियंता

अणुयुगाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांच्या नावांनी सांगितला जातो. रदरफर्ड, फर्मी, ओपेनहायमर ही नावे सुशिक्षित वाचकाला परिचित असतात. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तत्त्व ठरलेल्या मुदतीत कारखान्याच्या रूपाने उभे करण्याचे दायित्व ज्यांनी पेलले, ते अभियंते या इतिहासात दुय्यमच राहिले. ब्रिटनचे ख्रिस्तोफर हिंटन (१९०१–१९८३) हे त्यांच्यातील अग्रगण्य होत. सार्वजनिक सेवेत अभियंत्याचे खरे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीत शोधता येते.

शाळा लवकर सोडून हिंटन यांनी स्विंडन येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले आणि वयाच्या तिशीपूर्वीच इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाच्या अल्कली विभागाचे ते मुख्य अभियंता झाले. १९४० मध्ये त्यांची सेवा सरकारच्या पुरवठा मंत्रालयाकडे उसनी देण्यात आली आणि लवकरच दारूगोळा भरणीच्या कारखान्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. तोफगोळे, बाँब आणि स्फोटनळ्या यांत स्फोटके भरण्याचे काम या कारखान्यांत चाले. कामगारांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती आणि क्षणाची हलगर्जीही प्राणघातक ठरण्याचा संभव होता. त्यामुळे उत्पादनाची गती आणि माणसांची सुरक्षितता या दोन परस्परविरोधी गरजा एकाच आराखड्यात बसवणे हीच तेथील व्यवस्थापनाची कसोटी होती.

१९४६ च्या आरंभी अणुइंधन आणि प्लुटोनियम यांच्या उत्पादनाची धुरा हिंटन यांच्याकडे सोपवण्यात आली. खासगी उद्योगात याहून अधिक वेतन मिळाले असते, तरी त्यांनी सरकारी सेवाच पत्करली. लँकशरमधील रिस्ली येथील युद्धकालीन शस्त्रसामग्री कारखान्याच्या इमारतींत त्यांचे मुख्यालय थाटले गेले. हार्वेल येथे जॉन कॉकक्रॉफ्ट संशोधन पाहत, तर अण्वस्त्रांची जबाबदारी विल्यम पेनी यांच्याकडे होती. त्याच वर्षी अमेरिकेने मॅकमहोन कायदा करून अणुविषयक माहितीची दारे मित्रराष्ट्रांनाही बंद केल्यामुळे बऱ्याच गोष्टी ब्रिटनला स्वतःच नव्याने शोधाव्या लागल्या.

या काळातील त्यांचा सर्वांत बोलका निर्णय विंडस्केल येथील अणुभट्ट्यांचा होय. ग्रॅफाइट हे न्यूट्रॉनांचा वेग मंदावणारे द्रव्य, म्हणजेच मंदायक, आणि युरेनियम हे इंधन असलेल्या भट्टीत उष्णता वाहून नेणारे शीतक कोणते असावे, हा कळीचा प्रश्न होता. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे पाणी वापरले होते. परंतु अशा भट्टीतील पाणी अकस्मात आटल्यास साखळी-प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढते, म्हणून तिला लोकवस्तीपासून फार दूरची जागा लागते. दाट वस्तीच्या ब्रिटनमध्ये ही अट पुरी करणे अवघड असल्याने पंख्यांनी हवा खेळवून ती उंच धुराड्यांतून बाहेर सोडण्याचा मार्ग निवडला गेला. पहिली भट्टी १९५० मध्ये सुरू झाली आणि येथील प्लुटोनियम ऑक्टोबर १९५२ च्या पहिल्या ब्रिटिश अणुचाचणीत वापरले गेले.

मुदतीच्या या यशाला दुसरी बाजूही होती. धुराड्यांवर गाळण्या बसवण्याचा आग्रह कॉकक्रॉफ्ट यांनी बांधकाम बरेच पुढे गेल्यावर धरला, त्यामुळे त्या धुराड्यांच्या माथ्यावर बसवाव्या लागल्या आणि अनेकांनी त्या अनावश्यक मानल्या. हिंटन नुकतेच त्या कामातून बाहेर पडले असताना, ऑक्टोबर १९५७ मध्ये एका भट्टीला आग लागली, तेव्हा याच गाळण्यांनी किरणोत्सारी द्रव्याचा मोठा भाग अडवला. तरीही सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दुधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. आगीच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल १९८८ मध्येच खुला झाला. युद्धकाळात मुदतीला अग्रक्रम देणे क्षम्य असते; पण तीच सवय शांततेच्या काळात गुप्ततेच्या आड चालू राहिली, तर जोखमीची खरी किंमत ती सोसणाऱ्या नागरिकांपासून दडून राहते.

या आगीच्या वर्षभर आधी, १७ ऑक्टोबर १९५६ रोजी, राणी एलिझाबेथ यांनी काल्डर हॉल अणुकेंद्राचे उद्‌घाटन केले. प्लुटोनियमनिर्मिती हा मुख्य हेतू असलेल्या या केंद्राने राष्ट्रीय जाळ्याला वीजही पुरवली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या भारताच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीचे इंधनही ब्रिटननेच पुरवले होते. सर्वत्र आशावादाचे वातावरण होते. १९५५ च्या ब्रिटिश योजनेतील १५०० ते २००० मेगावॉटचे उद्दिष्ट १९५७ मध्ये, सुएझ संकटानंतर, ५००० ते ६००० मेगावॉटवर नेले गेले.

येथेच हिंटन यांचे मोठेपण दिसते. १९५७ मध्ये केंद्रीय वीजनिर्मिती मंडळाचे पहिले अध्यक्ष झाल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूने हिशोब मांडला: भांडवली खर्च आणि व्याजदर लक्षात घेता अणुवीज कोळशाच्या विजेहून अजून महाग पडते, म्हणून वाढीव कार्यक्रमाची घाई योग्य नाही. अणुऊर्जेचा पाया घालणाऱ्यानेच हे सांगावे, हे राज्यकर्त्यांना रुचणारे नव्हते.

सार्वजनिक सेवेतील अभियंत्याची निष्ठा प्रकल्पाशी किंवा मंत्र्याशी जडली, तर त्याचे ज्ञान प्रचाराचे साधन बनते. ती हिशोबाशी जडली, तरच त्याच्या सल्ल्याला मोल राहते. आपल्या हातून उभ्या राहिलेल्या कामाचा खर्च आणि धोका नागरिकांपुढे मांडण्याचे धैर्य आणि त्या धैर्याला संरक्षण देणारी खुली व्यवस्था, या दोहोंवाचून महाकाय तंत्रज्ञान लोकशाहीच्या ताब्यात राहू शकत नाही. म्हणून अणुकेंद्र असो वा महामार्ग, प्रत्येक सार्वजनिक प्रकल्पाच्या अभियंत्याकडून समाजाने कामाइतकीच त्या कामाच्या खऱ्या हिशोबाचीही मागणी केली पाहिजे.