ऊन-पाण्याची चुकामूक

सह्याद्रीत धबधब्याचा फोटो काढू पाहणाऱ्याची मूळ अडचण कॅमेऱ्याची नसते, पंचांगाची असते. पाणी असतं तेव्हा ऊन नसतं, आणि ऊन येतं तोवर पाणी आटलेलं असतं. जुलैत नाणेघाटात कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर भिरकावतो, पण समोर सगळं धुकंच. दिवाळीनंतर कोकणकड्यावर मावळतीचं लख्ख ऊन पडतं, तेव्हा कातळावर काळे ओघळ तेवढे उरलेले. दोघांची गाठ पडते ती फार तर गणपती ते नवरात्र, तीही पाऊस उघडला तर. कॅलेंडरावरचा सोनेरी धबधबा असा मोजक्या संध्याकाळींचा असतो. तो पाहून भर पावसात घाट चढणारा धुक्याला शिव्या घालतो. धुकं बिचारं आपल्या वेळेवर आलेलं असतं.

प्रवरेवरचा रंधा याला थोडा अपवाद. वर भंडारदऱ्याचं १९२६ साली पुरं झालेलं धरण आहे. तिथून पाणी सुटलं की निरभ्र आकाशाखालीही रंधा कोसळतो. इथे ऊन-पाण्याची भेट पाटबंधारे खातं घडवून आणतं.

पण घळीतलं ऊन सरळ नसतं. संध्याकाळी वरची कड उजळलेली, तळ सावलीत. डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जड जातं: कड जपावी तर खालचा बसाल्ट डांबरासारखा काळाठिक्कर, तळ जपावा तर वरचं पाणी पांढरंफटक. म्हणून जाणते लोक ऊन ओसरायची वाट पाहतात. मग आकाशाचा निळसर उजेड घळभर सारखा उतरतो. पोलरायझर फिरवला की ओल्या दगडावरची चकाकी जाते आणि भेगांतलं शेवाळ हिरवं दिसू लागतं.

उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं. रंधा सुमारे १७० फुटांचा. हवेचा विरोध सोडला तर तळाशी पाण्याचा वेग सेकंदाला ३२ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागातही ते मीटरभर खाली आलेलं असतं. शटर पूर्ण सेकंदभर उघडं ठेवलं की पाण्याचं रेशीम होतं. हे रेशीम कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एके काळी तो निव्वळ नाइलाज होता. १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सनने यलोस्टोनच्या दरीत ओल्या रसायनाच्या काचांवर फोटो घेतले. त्या काचा इतक्या मंद, की पाणी पुसट येणं टळतच नसे. तरी त्या फोटोंनी अमेरिकी काँग्रेसवर छाप पाडली आणि १८७२च्या मार्चमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. आज तोच नाइलाज लोक काळा फिल्टर विकत घेऊन भरदुपारी ओढवून घेतात.

मला त्यात खोटेपणा दिसत नाही, सवय दिसते. रेशीम झालं की रंधा काय नि दूधसागर काय, पाणी सगळीकडे तेच. माझा कौल सेकंदाच्या पंधराव्या भागाला. काठाशी पाणी अजून सावकाश असतं, तिथे त्याच्या धारा सुट्या दिसतात. खाली येता येता ते वेग घेतं आणि तसतसं पुसट होत जातं. पाणी पडतंय, हे त्या एकाच फोटोत कळतं. अशा फोटोंना लाइक मात्र कमी मिळतात.