भरतीनंतर

मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यात एक म्हातारा हवालदार राहत होता. महार रेजिमेंटमधून पेन्शनीत आलेला. पहाटे तो गावच्या पोरांना डांबरी सडकेवर सोळाशे मीटर पळवायचा आणि दुपारी त्यांचे दाखले तपासायचा. टीसीवरचं नाव एक, जातीच्या दाखल्यावरचं दुसरं, असं निघालं की पोराला तहसीलला पिटाळायचा. "पाय धावतात, कागद अडवतात," म्हणायचा.

एका साली मजुरी करणाऱ्या विधवेचा पोरगा भरती झाला. गावानं गुलाल उधळला, बॅनर लावलं. पोरगा सागरच्या सेंटरला ट्रेनिंगला गेला. मग त्याच्या मायच्या दाराशी कोणी फिरकलं नाही.

हवालदार जात राहिला. तिला बँकेत घेऊन गेला, स्लिप भरून दिली. वावधानात छपराचे पत्रे उडाले, तेव्हा रनिंगची पोरं नेऊन ते ठोकून दिले.

एका रविवारी पोराचा फोन आला. "आबा, मले करमत नाही. हिंदी समजत नाही, उस्ताद रगडा लावते. वापस येतो."

हवालदार रागावला नाही. "पत्रे बसवले तुह्या घरचे," तो म्हणाला. "शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. घे, मायशी बोल."

पुढच्या रविवारीही त्यानं मायला फोनपाशी आणून बसवलं. त्याच्या पुढच्याही. पोरगा टिकला.

पारावर एकानं विचारलं, "पोरगं लागलं ना नोकरीले? मंग तुम्ही कायले खेटे घालता?"

"माह्या आज्याले १९१७ साली १११ महार पलटणीत घेतलं," म्हातारा म्हणाला. "लढाई होती, माणसं पाहिजे होती. लढाई सरली, पलटण मोडली. आजा घरी आला, तं कोणी विचारलं नाही. १९४१ साली बेळगावात आपली रेजिमेंट उभी राहिली, तवाही लढाईच चालू होती."

यादीत नाव लागलं की आपलं काम संपलं, असं सरकारला वाटतं, तसंच गावालाही. शिपायाचं आणि त्याच्या घरच्यांचं काम तर तिथून सुरू होतं. म्हाताऱ्याला ते घरातूनच कळलं होतं.

ट्रेनिंग सरत आलं, कसम परेडचं बोलावणं आलं. हवालदारानं मलकापूर स्टेशनावरून दोन तिकिटं काढली. एक मायचं. दुसरं त्याचं स्वतःचं असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं ते दिलं भरतीच्या शर्यतीत थोडक्यात हुकलेल्या एका पोराला.