मागाहून आलेली गोडी

माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, गेल्या दिवाळीनंतर शिंदखेडा तालुक्यातून डिंडोलीला आमच्याकडे राहायला आला. नात्यातल्या एकाच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम शिकायचे आणि जमले तर सुरतेतच पाय रोवायचे, असा बेत. बेत त्याच्या वडिलांचा आणि माझा. त्याला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

उत्तरायणाच्या सुमारास त्याने आणि त्याच्या मामेभावाने पैसे घालून एक जुने प्लेस्टेशन आणले. सोबत एकच तबकडी मिळाली, ‘डार्क सोल्स’ नावाच्या खेळाची. पहिल्याच रात्री आतल्या खोलीतून नातवाच्या शिव्या ऐकू आल्या. अहिराणीतल्या शिव्यांना एक वजन असते. त्या माझ्या वडिलांनंतर या घरात प्रथमच इतक्या मोकळेपणाने निघाल्या. मी आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केली. व्हिडिओ गेम या विषयावर माझे मत ठरलेले होते आणि पालकसभांतून ते मी पुष्कळदा ऐकवलेलेही होते. पण निवृत्त माणसाला वेळ असतो. मी जाऊन त्याच्या मागे खुर्चीवर बसलो.

खेळातला माणूस एका पडक्या कैदखान्यातून बाहेर पडू पाहत असतो. हातात मोडक्या तलवारीची जवळजवळ नुसती मूठ. तो एक मोठे दार ढकलून दालनात येतो, आणि वरून घराएवढा राक्षस उडी घेतो. नातू लढला आणि मेला. पुन्हा लढला, पुन्हा मेला. या खेळात मेल्यावर माणूस शेवटच्या शेकोटीपाशी पुन्हा उभा राहतो. त्याची गाठीची कमाई मात्र मेल्या जागी पडून राहते. तिथवर जिवंत पोचलात तर ती परत मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली. सोपे करून घ्यायची सोय नाही. तासाभराने नातवाने रिमोट गादीवर आपटला. ‘फालतू गेम आहे, आबा. बनवणाऱ्याला लोकांना छळायचंच होतं.’ तबकडी कपाटात गेली ती होळीपर्यंत तिथेच राहिली.

होळीनंतर एका रविवारी त्याने ती पुन्हा काढली. का, ते त्यालाही सांगता आले नाही. त्या दिवशी त्याला दिसले की राक्षसाच्या दालनात डाव्या हाताला एक दार उघडेच असते. पहिल्या भेटीत त्याच्याशी लढायचे नसते, त्या दारातून पळायचे असते. पुढे हत्यार मिळते, ढाल मिळते, आणि मग वरच्या सज्जातून राक्षसाच्या डोक्यावर उडी मारता येते. दार पहिल्या रात्रीही तिथेच होते. श्रावणापर्यंत हा मुलगा त्या खेळाच्या प्रेमात बुडालेला होता. मी विचारले, ‘छळणारा खेळ ना रे हा?’ तर म्हणाला, ‘छळतो, पण फसवत नाही. मेलो तर माझ्याच चुकीनं मेलो, हे कळतं.’

मला हे उत्तर आवडले, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. आधी न आवडलेली गोष्ट मागाहून आवडू लागते, तेव्हा नेमके काय घडलेले असते? आणि त्या दोन मतांतले खरे कोणते?

नातवाकडून आणि त्याच्या मोबाइलवरून मी थोडी माहिती गोळा केली. ‘डार्क सोल्स’ २०११ चा. त्याच्या आधी त्याच जपानी कंपनीने, फ्रॉमसॉफ्टवेअरने, हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली २००९ साली ‘डेमन्स सोल्स’ काढला होता. ज्या सोनीच्या यंत्रावर तो चालायचा त्या सोनीतले मोठे अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो सुमारे दोन तास खेळून पाहिला, सुरुवातीच्याच भागात अडकले आणि खेळ अगदी टाकाऊ ठरवून मोकळे झाले. सोनीने तो जपानबाहेर पश्चिमेत काढलाच नाही. अमेरिकेत तो अ‍ॅटलस नावाच्या दुसऱ्या कंपनीने काढला आणि नावाजला गेला. आपला अंदाज चुकल्याचे योशिदांनी पुढे स्वतःच सांगितले. २०२० साली तोच खेळ नव्या रूपात आला, तेव्हा प्रकाशक सोनी होती.

पण अशा सगळ्या कथा एका जातीच्या नाहीत. ‘फायनल फँटसी’ मालिकेतला चौदावा खेळ २०१० साली आला तेव्हा खेळणारे इतके नाराज झाले की कंपनीने तो बंद केला, नव्याने रचला आणि २०१३ साली पुन्हा आणला. मग तो लोकांना आवडला. इथे मत बदलण्यात नवल काय? वस्तूच बदलली होती. उलट ‘झेल्डा’ मालिकेतला ‘विंड वेकर’ घ्या. २००१ साली त्याची लहान मुलांच्या कार्टूनसारखी चित्रे पाहून जुने चाहते हिरमुसले होते. आज त्याच चित्रांसाठी त्याची आठवण काढतात. ती चित्रे होती तशीच आहेत, पाहणारे बदलले.

आम्हा सुरतकर खानदेशींना हा फरक गेमशिवायही कळायला हवा. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा जो तो ताप्ती लाइनच्या गाड्यांना लोंबकळून गावाकडे पळाला. मीही बायकामुलांना घेऊन पळालो. मी या शहराला वीस वर्षे नावे ठेवत आलो होतो: घाण, कोंदट, आपले नसलेले. आणि गावी ओट्यावर बसल्यावर चौथ्या दिवशी मला त्याच शहराची आठवण येऊ लागली. पुढे १९९५ साली एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि सुरत अशी झाडून निघाली की तिचे नाव स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. आज मला सुरत आवडते, पण ती बदलली म्हणून की मी बदललो म्हणून, याचा हिशेब लागत नाही. चौथ्या दिवसाची ती आठवण मात्र राव येण्याआधीची होती, एवढे नक्की.

वडिलांचे आणखी निराळे. ते १९७२ च्या दुष्काळात आले आणि उधन्याला लूमच्या खात्यात लागले. पहिले कित्येक महिने त्या खडखडाटाने त्यांचे डोके फुटायचे. रात्री कानात धोटा चालूच असे. म्हातारपणी हेच वडील लग्नाकार्याला गावी गेले की झोप येत नाही म्हणून तक्रार करायचे. शांतता त्यांना खायला उठायची. त्यांना तो आवाज आवडू लागला होता का? मी एकदा विचारले होते. ते हसले आणि तंबाखू मळत राहिले. निम्मे बहिरे झाले होते, त्यामुळे प्रश्न नीट ऐकू आला की नाही, कोण जाणे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे प्रकार सांगितले आहेत. सुरुवातीला विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे ते सात्त्विक. सुरुवातीला अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे ते राजस. शाळेत मी ही कसोटी मुलांना हमखास ऐकवायचो. अभ्यास करा, आधी कडू लागतो. पण वडिलांच्या हातातल्या तंबाखूचे काय करायचे? तीही पहिल्या दिवशी घेरी आणते, ओकारी आणते, आणि मग अशी गोड लागते की सुटत नाही. जिभेला विचाराल तर ती सात्त्विकच ठरेल. गीतेला परिणाम म्हणजे जिभेवरची गोडी अभिप्रेत नाही हे उघड आहे, पण आपण व्यवहारात ही कसोटी वापरतो ती जिभेपुरतीच. ‘आता आवडतंय ना? मग झालं तर!’

जॉन स्टुअर्ट मिलने उपयुक्ततावादावरच्या आपल्या पुस्तकात सांगितले की दोन सुखांत श्रेष्ठ कोणते, हे दोन्ही अनुभवलेल्यांनी ठरवावे. ऐकायला न्याय्य वाटते. पण खेळापुरते पाहा. ‘पहिले दहा तास सोसा, मग कळेल’ असे सांगणारे सगळे ते तास सोसून उरलेले लोक असतात. जे पहिल्या रात्री तबकडी विकून आले, त्यांचे मत मोजायला कोणी जात नाही. शिवाय दहा तास घातलेल्या माणसाला ते फुकट गेले असे म्हणणे जड जाते, हेही विसरू नये.

एवढा विचार करून मी स्वतःवर खूश होतो. राखीला मुलगी भावाकडे आली तेव्हा नातू पडद्यासमोर बसलेला होता. मी तिला सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी सवयीने जोडून दिले, ‘बघ, तुझंही असंच झालं होतं.’

तिचे लग्न २००४ साली झाले, एकोणिसाव्या वर्षी. सुरतेत वाढलेली मुलगी, बारावीला चांगले गुण. पुढे शिकायचे होते. आम्ही दहा एकर बागायत पाहून तिला दिली. पहिल्या दिवाळीला आली ती परत जाईना. आईच्या कुशीत तोंड घालून म्हणत होती, ‘माले तठे करमत नही.’ मी दाराशी उभा राहून म्हणालो, ‘व्हई जाई सवय.’ आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला उधन्याहून गाडीत बसवून दिले. तीन-चार वर्षांनी तिचा सूर बदलला. घर, शेत, सासूबाई, सगळ्यांबद्दल ती मायेने बोलू लागली. ही गोष्ट मी नंतर नात्यातल्या किमान चार मुलींना दाखला म्हणून ऐकवली असेल.

मुलगी भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, ‘अण्णा, त्याचा खेळ दोन महिने कपाटात पडून होता ना? त्याला वाटलं तेव्हा त्यानं काढला. मला कुठं कपाटात ठेवता आलं?’

मी गप्प झालो. थोड्या वेळाने चाचरत विचारले, ‘म्हणजे तुला आवडत नाही का तिथं?’

‘तसं कुठं म्हटलं मी? आवडतं. ते माझं घर आहे. सासूबाई गेल्या तेव्हा आईपेक्षा जास्त रडले मी. पण ते तुमच्यामुळे नाही.’

आपल्या अमर्त्य सेनांनी लिहिले आहे की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस अशक्य गोष्टींची इच्छाच सोडून देतो. तेव्हा तो समाधानी दिसतो म्हणून त्याचे बरे चालले आहे असे धरता येत नाही. मी हे वाचले होते, पण वाचताना डोळ्यांपुढे लूमवरचे मजूर होते. घरातले कोणी नव्हते. आणि मुलीचे म्हणणे त्याहूनही अवघड आहे. आपली गोडी खोटी आहे असे ती म्हणतच नाही. ती खरी आहे, तिने वीस वर्षांत स्वतः कमावलेली आहे, आणि म्हणूनच तिला गाडीत बसवून देणाऱ्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. नातवाला त्या खेळात दहा तासांनी जे दिसले ते खेळातच होते. खेळ करणाऱ्याने दार उघडे ठेवून ते त्याच्यावर सोपवले होते. मी दाराशी उभा होतो तो दार अडवून. मागाहून आत चांगले निघाले म्हणून माझे अडवणे चांगले ठरत नाही. निघाले नसते, तर आज मी कोणता दाखला देत असतो?

हे सगळे नातू ऐकत होता, असे मला नंतर कळले. आठवड्याने रात्रपाळीहून येऊन तो माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, ‘आबा, मला त्या कारखान्यात करमत नाही. मशीन बरं आहे, पण मला गावाकडं काहीतरी करायचंय. काय ते अजून नक्की नाही.’

‘होईल सवय’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. वयाच्या पासष्टीत ते आपोआप येतात. मी विचारले, ‘तिकिटाला पैसे आहेत का?’

तो जरा चमकला. म्हणाला, ‘आहेत. दोंडाईच्याची गाडी केव्हा असते तेही माहीत आहे.’

हे लिहितो आहे तेव्हा तो कामावर गेलेला आहे. गावी जायचे की नाही, त्याने अजून ठरवलेले नाही. त्याच्या वडिलांना मी फोन करून सांगितले की मुलगा परत आला तर त्याला रागावू नका. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.