तुमची वेळ : एक ते दीड

क्रूझचं तिकीट काढलं की जहाज सुटण्याच्या काही आठवडे आधी कंपनीच्या ॲपवर चेक-इन उघडतं. पासपोर्टचे तपशील भरायचे, स्वतःचा फोटो टाकायचा, आणि शेवटी एक पान येतं : बंदरावर यायची वेळ निवडा. साडेदहा ते अकरा, अकरा ते साडेअकरा, असे अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट. सकाळचे आधी संपतात. म्हणून बरेच जण चेक-इन उघडायच्या रात्री जागे राहतात, तत्काळ तिकिटासाठी आपण घड्याळावर डोळा ठेवून बसतो तसेच. ज्यांना उशीर होतो त्यांच्या वाट्याला दुपार येते. समजा तुमच्या वाट्याला आली : एक ते दीड.

आता प्रवासाचा दिवस. तुम्ही मायामीत आहात. सकाळचे दहा वाजलेत, हॉटेलची खोली सोडायची वेळ होत आलीय, बंदर पंधरा मिनिटांवर आहे. आणि तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की बऱ्याच टर्मिनलवर स्लॉट काटेकोरपणे तपासत नाहीत. गर्दी कमी असली तर दारावरचा माणूस कागद बघतो, पासपोर्ट बघतो आणि हात हलवतो. मग आत्ताच गेलं तर चालेल का?

'चालेल का' हा आपला फार सोयीचा प्रश्न आहे. त्यात दोन प्रश्न एकत्र असतात. एक, आत सोडतील का? दोन, जाणं बरोबर आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की आपण दुसऱ्याचंही मिळालं असं समजून निघतो. मला दुसऱ्यावर थोडं थांबायचंय.

त्याआधी पलीकडे, जहाजावर काय चाललेलं असतं ते बघू. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. एका केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००, आणि वर २,३५० कर्मचारी. सात रात्रींचा फेरा. म्हणजे ज्या सकाळी जुने हजारो प्रवासी उतरतात त्याच दुपारी तेवढेच नवे चढतात. मधल्या काही तासांत जुन्यांचं सामान उतरतं, नव्यांचं चढतं, आठवड्याचं धान्य-भाजी-मांस येतं, आणि हजारो केबिनमधल्या चादरी, टॉवेल, कचऱ्याचे डबे, न्हाणीघरं सगळं नव्याने लावलं जातं. केबिन साधारण एक-दीडच्या सुमाराला तयार होतात. संध्याकाळी जहाज सुटायचं असतं, आणि अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला सुटण्याच्या किमान एक तास आधी प्रवाशांची यादी सीमाखात्याकडे पाठवावी लागते. त्यामुळे शेवटही ताणता येत नाही.

स्लॉट हा या चेपलेल्या दिवसाचा हिशेब आहे. टर्मिनलमध्ये एका वेळी किती माणसं बसतील, तपासणीची यंत्रं किती, जहाजावर शिरल्या शिरल्या जो तो ज्या बफेकडे धावतो तिथे खुर्च्या किती, यावरून तो केलेला असतो. तो देवाची आज्ञा नाही. पण निव्वळ कागदी नाटकही नाही.

लवकर जाणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला असतो : मी एकटा गेल्याने कुणाचं काय बिघडतं? आणि खरं सांगायचं तर, एकट्याने फारसं बिघडत नाहीच. तुम्ही अडीच तास आधी गेलात, तुमच्यामुळे मागच्या दोनशे माणसांचे प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद गेले. कुणाला कळलंही नाही. चोरी इतकी बारीक वाटून झाली की चोरी उरलीच नाही. दाराजवळ थांबायची वेळ नाहीशी झाली असं मात्र नाही. ती तुमच्या खांद्यावरून उतरली आणि मागच्या दोनशे जणांच्या खांद्यावर चिमूटभर चिमूटभर बसली. थांबणं असं संपत नसतं, ते फक्त जागा बदलतं. आता ते कुणाकडे गेलं, हे बघणं मला 'नियम मोडला का' यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कान्ट इथे विचारेल : सगळ्यांनीच असं केलं तर? एकच्या स्लॉटवाले सगळे साडेदहाला आले तर स्लॉट ही गोष्टच उरणार नाही, आणि लवकर जाण्याचा फायदाही उरणार नाही. म्हणजे तुमचा फायदा इतरांनी हॉटेलच्या लॉबीत बसून राहण्यावर उभा आहे. त्यांच्या शहाणपणावर तुम्ही जेवता आहात, बफेच्या रांगेत तर अगदी शब्दशः.

पण कान्टची ही कसोटी सोपी पडते, कारण ती गृहीत धरते की स्लॉट मुळात रास्तपणे वाटले गेले होते. तसं आहे का? स्लॉट मिळतो तो मध्यरात्री जागा राहू शकणाऱ्याला, ज्याचं नेट वेगवान आहे त्याला, ज्याला ॲप वापरता येतं त्याला. सत्तरीचं एक जोडपं, ज्यांचं चेक-इन मुलाने सवडीने चार दिवसांनी केलं, त्यांना दोन वाजताचा स्लॉट मिळतो. त्यांचं विमान मात्र सकाळी सहाला मायामीत उतरतं. ते आठ तास कुठे काढणार? त्यांनी साडेदहाला टर्मिनलच्या दाराशी येऊन 'आम्ही आत बसू का?' असं विचारलं, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. ते विचारताहेत. त्यांची अडचण ऐकून दारावरचा माणूस हो म्हणू शकतो किंवा नाही. कागद झाकून, मान खाली घालून आत सटकणाऱ्याची गोष्ट वेगळी. दोघेही अडीच-साडेतीन तास लवकर आत गेले. एकाने आपली गरज उघड मांडली, दुसऱ्याने आपली वेळ लपवली. लोकलमध्ये चौथी सीट मागणं आणि झोपेचं सोंग घेतलेल्याच्या अंगावर रेलून बसणं यात जो फरक आहे तोच.

आता पैशाचं बघू. कार्निव्हल ही कंपनी 'फास्टर टू द फन' नावाचं एक पॅकेज विकते. जास्तीचे पैसे भरा, चेक-इनला प्राधान्य मिळवा, केबिनही लवकर मिळवा. इतर कंपन्यांची नावं वेगळी, माल तोच. शिवाय सुइट घेणारे आणि वर्षानुवर्षं त्याच कंपनीबरोबर फिरणारे आधी जातात. यात लपवाछपवी नाही, किंमत जाहीर आहे. फुकट घुसणाऱ्यापेक्षा हा माणूस सरळ आहे, असं कुणी म्हटलं तर मी लगेच नाही म्हणणार नाही. मायकेल सँडेल यांनी २०१२च्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण रांग विकत घेण्यावर लिहिलंय. रांगेचा न्याय आणि बाजाराचा न्याय हे दोन वेगळे न्याय आहेत आणि दुसरा पहिल्याला हळूहळू गिळतोय, असा त्यांचा मुद्दा. मला त्याला एक पुस्ती जोडायचीय. पुढे जायचा हक्क कंपनी विकते, पण ती विकते काय? मागच्याचा वेळ. त्या मागच्याला कुणी विचारलं? त्याच्या खिशात काही आलं? सौदा दोघांचा झाला आणि किंमत तिसऱ्याने भरली. व्हीलचेअरवरच्या आजींना आधी सोडतात तेव्हाही तो तिसरा थोडा थांबतोच, पण तिथे त्याला विचारलं असतं तर बहुधा तो 'जाऊ द्या' म्हणाला असता. पॅकेजवाल्यासाठी म्हणाला असता का, हे त्यालाच विचारावं.

इतिहासात एक गंमत आहे. १० एप्रिल १९१२ला टायटॅनिक साउथॅम्प्टनहून दुपारी बाराला सुटलं. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची आगगाडी धक्क्यावर आली ती साडेनऊच्या सुमाराला. तिसऱ्या वर्गातल्यांची चढताना आरोग्य तपासणी व्हायची, कारण अमेरिकेला रोगी माणसं नको होती. पहिल्या वर्गाची गाडी आली साडेअकराला. जेमतेम अर्धा तास उरलेला असताना गाडीतून उतरायचं, थेट जहाजावर. म्हणजे तेव्हा श्रीमंताची चैन शेवटी येण्यात होती आणि गरीब सर्वात आधी हजर. आज नेमकं उलट. पैसेवाला सर्वात आधी चढतो, बाकीचे दुपारी.

हे उलटं का झालं? तेव्हा जहाज हे पलीकडे पोचायचं साधन होतं, त्यावरचा प्रत्येक तास सोसायचा. आज जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण आहे, त्यावरचा प्रत्येक तास म्हणजे सुट्टीचा तास. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' यांची किंमत पार बदलली. बदललं नाही ते एकच : थांबायचं कुणी. १९१२मध्येही ज्याच्याकडे पैसे कमी तोच थांबला, आजही तोच थांबतो. एकदा जहाजावर थांबला, एकदा धक्क्यावर.

आणि एक जण दोन्ही काळात मोजलाच जात नाही. आपल्या कोकणात 'तो शिपवर आहे' म्हणतात. गोव्यात तारवटी म्हणतात. जगातल्या क्रूझवर केबिन आवरणाऱ्या, वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या लोकांत गोव्याची, रत्नागिरीची, मुंबईची मुलं बरीच आहेत. सहा ते नऊ-दहा महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. २००६च्या सागरी कामगार कराराने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितलीय, यावरून बाकीच्या तासांचा अंदाज करा. प्रवासी बदलायचा दिवस हा त्यांचा सर्वात जड दिवस. नव्याने रुजू होणारेही बहुधा त्याच दिवशी बॅग घेऊन वेगळ्या गँगवेने चढतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी कामाला लागतात. एक वाजता तयार व्हायची केबिन कुणी साडेअकरालाच मागत दारात उभा राहतो तेव्हा त्याचं थांबणं शेवटी या स्टुअर्डकडे येतं, आणि तो ते आणखी कुणाकडे सरकवू शकत नाही. तो हसतो, 'सर, जस्ट अ लिटल व्हाइल' म्हणतो, आणि त्याचं जेवण वीस मिनिटं पुढे जातं. लवकर आलेल्याने रांगेतल्यांचा विचार एक वेळ केला असेल. याचा केलेला मी फारसा ऐकला नाही. प्रवाशांच्या गप्पांत 'केबिन लवकर मिळाली' हे नशीब म्हणून सांगितलं जातं, जणू ती आपोआप आवरली.

एक गोष्ट मात्र या सगळ्या व्यवहारातून सुटलीय, आणि ती त्याच कार्डावर असते. चढताना किंवा केबिनच्या दाराशी जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं त्यावर बऱ्याच कंपन्या तुमची श्रेणी दाखवतात, सोनेरी वगैरे. आणि त्याच कार्डावर एक अक्षर-आकडा असतो : तुमचं मस्टर स्टेशन. आणीबाणीत कुठे जमायचं, ती जागा. ही जागा विकत मिळत नाही. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीवरक्षक नावांत जागा १,१७८. पहिल्या वर्गातले सुमारे साठ टक्के वाचले, तिसऱ्या वर्गातले जेमतेम पाव. त्यानंतर १९१४मध्ये समुद्री सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सगळ्यांना पुरतील इतक्या नावा हा नियम झाला. जिथे जागा सगळ्यांना पुरते तिथे आधी कोण हा प्रश्न विकायला उरत नाही.

तरी वेळेचा प्रश्न उरलाच होता. १३ जानेवारी २०१२ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांना मस्टरची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. आणि कप्तान, ज्याने सर्वात शेवटी उतरायचं, तो कितीतरी माणसं जहाजावर असताना उतरला. त्याला पुढे सोळा वर्षांची शिक्षा झाली. २०१५पासून नियम बदलला : कवायत जहाज सुटण्यापूर्वी, किंवा सुटताक्षणी.

म्हणून आता साडेदहाला आलेला असो की दोनला, चढल्यावर प्रत्येकाने आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवायचं असतं. बहुतेक जण आधी बफेकडे जातात. मग दुपार कलली की घोषणा सुरू होतात. ज्यांची नोंद राहिलीय त्यांना बोलावणं जातं, पुन्हा पुन्हा, आणि त्या यादीत सुइटवालेही असतात. वरच्या डेकवर संगीत चालू असतं, खाली यादी हातात घेतलेला कर्मचारी उरलेल्यांची वाट बघत उभा असतो.