सर्कस वगळून

२०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवायचं नाही, असं ठरलं. पण दोन सवलती राहिल्या. शाळा सांभाळून घरच्या कामधंद्यात मदत केलेली चालेल, अर्थात काम धोक्याचं नसेल तर. आणि जाहिराती, सिनेमा, मालिका, इतर करमणूक किंवा खेळ यांत मुलांनी कलाकार म्हणून काम केलेलं चालेल. या दुसऱ्या सवलतीच्या मधोमध एक छोटा तुकडा आहे : सर्कस वगळून.

मी हे मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो भडकला. मामा एकोणीस वर्षं सर्कशीत वायरमन होता. आयटीआय करून गेला, जनरेटर आणि दिवे सांभाळले, अर्धा देश हिंडला आणि गुडघे गेल्यावर गावी परतला. "टीव्हीवर ती एवढी-एवढी पोरं रात्री उशिरापर्यंत नाचत्यात, कुणी काय बोललं की रडत्यात, ते चालतंय," तो म्हणाला. "आमचंच तेवढं वाईट?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कायदा योग्य आहे असं मला वाटत होतं, पण का, ते सांगता येईना. शिवाय माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मामानं भरली होती. ते पैसे सर्कशीतलेच.

मी सर्कस पाहिली २००४ साली, सांगलीत. सात वर्षांचा होतो. वाघ-सिंह तेव्हा नव्हते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारनं १९९८मध्ये बंदी घातली होती आणि २००१मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्यामुळे मी पाहिले ते हत्ती, कुत्रे आणि बरीचशी माणसं. मामानं दुपारीच आम्हाला तंबूमागे नेलं होतं. तिथे दोरीवर चमकीचे झगे वाळत होते, मोठ्या पातेल्यात डाळ शिजत होती आणि एक मुलगी पायरीवर बसून केस विंचरत होती. माझ्याएवढीच असेल. तिनं मला मोडक्या हिंदीत विचारलं, शाळेत कितवीत? मी म्हटलं, दुसरीत. "और तू?" ती म्हणाली, "तीन में."

एक वर्ष पुढे आहे आपल्या, असं मला वाटलं. पुढची कितीतरी वर्षं मी तिला तिसरीतली मुलगी समजत होतो. कॉलेजात असताना सहज बोलण्यात विषय निघाला तेव्हा मामा हसला. "तिसरी कुठली? तीन आयटममध्ये होती ती."

संध्याकाळी तिला रिंगणात पाहिलं. एका माणसानं खांद्यावर उंच बांबू तोलला होता आणि त्याच्या टोकावर ती पोटावर आडवी, हात-पाय पसरून. खाली जाळी नव्हती. बँड थांबला. तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्याचं मला आठवतं. पुढे कधीतरी, झुल्यांच्या वेळी, एकदम सगळा अंधार झाला, आणि उजेड आला तेव्हा जोकर उलट्या सायकलवरून रिंगणात घुसला होता. इतका मी पुन्हा कधी हसलो नसेन.

आमच्या भागाला सर्कशीचा अभिमान फार. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या पागेत घोडे शिकवायचे. चिअरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली, तेव्हा आपणही हे करू शकतो या जिद्दीनं त्यांनी १८८०मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे केरळात तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे कीलेरी कुन्हीकण्णन यांनी १९०१मध्ये सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. मला पूर्वी हा इतिहास सांगताना छाती फुगल्यासारखं वाटायचं. आता ‘शाळा’ या शब्दाशी अडखळायला होतं. पाठीचा कणा लहानपणीच वाकतो. म्हणजे ही कला बालपणावरच उभी आहे. मोठेपणी समजून-उमजून निवडावी म्हटलं तर तोवर उशीर झालेला असतो.

पण हे एकट्या सर्कशीचं नाही. माझी मावसबहीण सहाव्या वर्षी मल्लखांबावर चढली. पडली, हात मोडला, पुन्हा चढली. त्याला आम्ही संस्कार म्हणतो. तेव्हा धोका, मेहनत, गुरुजींचा एखादा धपाटा या गोष्टींवर सर्कस आणि व्यायामशाळा वेगळ्या करता येत नाहीत. मी बराच विचार केला आणि एकच फरक हाती लागला : मावसबहीण साडेसहाला घरी यायची. तिला रडता यायचं, आणि उद्यापासून जाणार नाही म्हणता यायचं. एकदा तिनं म्हटलंही. महिनाभर गेली नाही, मग स्वतःच गेली.

बांबूवरच्या मुलीला घरी जायचं तर नेपाळला जावं लागलं असतं. बालमजुरीविरुद्धची याचिका ऐकून सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०११मध्ये सर्कशीत मुलं ठेवायला बंदी केली, त्या प्रकरणात अशाच मुलांच्या हकिकती आहेत : आईबापांना थोडे पैसे देऊन केलेले अनेक वर्षांचे करार, बाहेर पडायला मनाई, मारहाण. माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता आणि मी त्याबद्दल मित्रांपाशी भरपूर रडलो होतो. पण तो मी बाविसाव्या वर्षी वाचून सही केला होता, आणि सुटकेची किंमत त्यात आकड्यात लिहिलेली होती.

तंबूला पत्ता नसतो, हाही भाग आहे. मालक, शिक्षक, पालक आणि खानावळवाला एकच. तक्रार करायची तर त्याच्याचकडे. बाहेरच्या कुणाच्या लक्षात येईतो खुंट उपटून मुक्काम पुढच्या गावी. म्हणून कायद्यातले ते दोन शब्द मला बरोबर वाटतात.

मामाचा राग मात्र त्यानं मिटत नाही, आणि मिटू नये. परत जाता येतं का, हीच कसोटी असेल तर ती टीव्हीवरच्या मुलालाही लावावी लागेल. ज्याच्या कमाईवर घराचा हप्ता चाललाय ते पोर कुठे जाणार? त्याच्यासाठी घर हाच तंबू. सर्कशीतली मुलं दुसऱ्यांची होती, टीव्हीवरची आपल्यासारख्यांची आहेत. सवलत कुणाला आणि बंदी कुणाला हे ठरवताना याचा काहीच हात नसेल, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या उत्तरात बसत नाही. भारतीय सर्कशींतून सुटून नेपाळला परतलेल्या काही तरुणांनी काठमांडूत स्वतःची सर्कस काढली. ‘सर्कस काठमांडू’ हेच नाव. त्यांच्यावर ‘इव्हन व्हेन आय फॉल’ हा माहितीपटही आहे. ज्यानं बालपण खाल्लं, तेच हातात उरलेलं एकमेव कसब, आणि ते त्यांनी या वेळी आपलं म्हणून निवडलं. तीच दोरी, तोच झुला. मग वाईट नेमकं कशात होतं? कलेत नाही, एवढंच मी म्हणू शकतो.

गेल्या दिवाळीत मामाला सरळ विचारलं, "तुम्हाला तेव्हा कधी काही वाटलं नाही?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पोरी मला चाचा म्हणायच्या. बाजारातनं रिबिनी आणून द्यायचो." पुन्हा गप्प. "स्पॉट मीच टाकायचो त्यांच्यावर. बाकी सगळे दिवे बंद करून."

मी काही बोललो नाही.

"कुणी पडलं तर काय करायचं तेही ठरलेलं. मेन खाली ओढायचा. अंधारात उचलून न्यायचं. मग सगळे लाइट एकदम लावायचे आणि जोकर सोडायचा. लोकांना कळत न्हाई."

"ओढला का कधी?"

"एकोणीस वर्षं होतो मी तिथं," मामा म्हणाला आणि उठून आकाशकंदिलाचा बल्ब बघायला गेला. तो मगाचपासून लुकलुकत होता.

सांगलीतल्या त्या संध्याकाळबद्दल मी त्याला अजून विचारलेलं नाही.