फाशाला स्मरण नसते

'तकदीर' हा शब्द आपल्या घरात रोज उच्चारला जातो. पोराला नोकरी लागली तर तकदीर, धंदा बुडाला तरी तकदीर. या अरबी शब्दाच्या मुळाशी मोजमापाचा अर्थ आहे, हे मात्र आपण विसरून गेलो. त्याची आठवण आम्हाला मुलांच्या मोबाईलमधील खेळांनी करून दिली.

अशा एखाद्या खेळात दुर्मीळ तलवार मिळण्याची शक्यता शंभरात एक ठेवली आहे, असे समजू. मूल शंभर वेळा पेटी उघडते आणि म्हणते, "आता तर मिळायलाच पाहिजे." गणित तसे म्हणत नाही. शंभरदा पेटी उघडणाऱ्या 100 मुलांपैकी सुमारे 37 मुले रिकाम्या हातांनी उठतात. एकशे एकाव्या वेळीही शक्यता शंभरात एकच राहते. (काही खेळांत ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तू हमखास मिळते, पण तेथे नशीब नसते, फक्त चढी किंमत असते.) फाशाला मागच्या हारीचे स्मरण नसते. आपल्याला असते, म्हणून नशिबाकडे आपले काही देणे निघते असे वाटू लागते. यालाच आपण कधीकधी सब्र समजतो. पण सब्र करणारा वसुलीला बसलेला नसतो.

खेळ बनवणाऱ्यांनी आपला हा स्वभाव चांगला ओळखला आहे. सिड मायर या प्रसिद्ध खेळकाराने 2010 मध्ये एका परिषदेत आपला अनुभव सांगितला. तिनास एक अशी अनुकूल शक्यता असताना हार झाली की खेळाडू चिडत. तीच शक्यता प्रतिकूल असताना जिंकले तर कोणी तक्रार करीत नसे. अखेर त्यांनी गणितच खेळाडूंच्या समजुतीकडे झुकवले. जपानी 'फायर एम्ब्लेम' मालिकेतील 2002 च्या खेळात पडद्यावर 90 टक्के दिसे, तेव्हा नेम प्रत्यक्षात सुमारे 98 टक्के वेळा लागे.

म्हणजे खरा फासा आपल्याला अन्यायी वाटतो आणि खोटा न्यायी! कुरआनची 83 वी सूरह मापात मारणाऱ्यांची कठोर निर्भर्त्सना करते. तराजू आपल्या बाजूने झुकला की मात्र आपण गप्प बसतो. पैशाचा संबंध नसेल तोवर ही निव्वळ करमणूक म्हणता येईल. पण आपल्या खुशीसाठी झुकणारा तराजू दुसऱ्याच्या नफ्यासाठीही झुकू शकतो, हे विसरून कसे चालेल?

पैसे घेऊन उघडायच्या पेट्यांबाबत काही देशांनी पावले उचलली. वेगवेगळ्या वस्तूंचा संच पुरा केल्यावर बक्षीस देणारी पद्धत जपानने 2012 मध्ये बेकायदा ठरवली. चीनने 2017 मध्ये शक्यतेचे आकडे जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये काही खेळांतील पेट्यांना जुगारच म्हटले.

पण आकडा खरा छापला की सगळे हलाल झाले काय? फतवा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. एवढेच दिसते की पाचव्या सूरहमध्ये मद्याबरोबर जुगार निषिद्ध ठरवताना फासा खोटा असल्याचे कारण दिलेले नाही. कारण दिले आहे ते आपसातील वैर, द्वेष आणि नमाजेचा विसर. माप खरे असावे ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. माणसाची आशा विकायला काढावी काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

मुलांवर ओरडून हे त्यांना समजणार नाही. एक नाणे वीस वेळा उडवायला सांगावे आणि वहीत लिहून घ्यावे. सलग चार छापे किंवा चार काटे बहुधा येतातच. तेथे मूल थबकेल. तलवार न मिळणे ही अल्लाहची नाराजी नाही आणि मिळणे हा त्याच्या मेहेरबानीचा पुरावा नाही, हे त्याला तेव्हा सांगता येईल. पुढच्या पेटीसाठी ते पैसे मागायला आले, तर आधी हिशेब त्यालाच मांडू द्यावा.